पट्ट्याबाहेरच्या गारा

सातपुड्याच्या मागून पहिला ढग वर आला तेव्हा शलाका खेरडे गाडीच्या मागच्या पायरीवर बसून डबा खात होती. तिनं ढगाकडे पाहिलं, उरलेली पोळी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले.

"नईमभाई, निघू या."

"जेवून तर घ्या मॅडम. अजून लहान आहे तो."

"फार वेळ लहान राहणार नाही."

नईम शेख अचलपूरचा. एसटीत वीस-बावीस वर्षं काढून आता गारनियंत्रण दलाची ही फिरती रडारगाडी चालवत होता. गाडीच्या टपावर रडारची पांढरी थाळी, मागच्या कप्प्यात पाच ड्रोन. दलात त्यांना घारी म्हणत. घारीची झेप फार लांबची नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडीला ढगाच्या बुडाशी जावं लागे. फाल्गुन-चैत्रात, संत्र्याच्या मृग बहाराची तयार फळं झाडावर आणि आंबिया बहाराची फळं वाटाण्याएवढी असताना, शलाका आणि नईम डोंगराच्या पायथ्याच्या रस्त्यांवर ढगांच्या मागं धावत. जमलं तर पुढं.

आजचा ढग वायव्येकडून येत होता. शलाकानं रडार चालू केलं, ढगाची चाल मोजली आणि नकाशावर त्याची वाट ओढली. डोंगर, मग बेलदरी, मग थोडं पडीक रान आणि शेवटी राजुरी घाट हे तालुक्याचं गाव. बेलदरी तिचं गाव होतं. तिनं रेघ दुसऱ्यांदा ओढून पाहिली. तीच आली.

"बेलदरीवरून जातोय," ती म्हणाली.

नईमनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं आपण शाळेत शिकतो. ढगात तसं होत नाही. तिथले थेंब इतके बारीक आणि स्वच्छ असतात, की उणे पंधरा-वीस अंशांतही ते पाणीच राहतात. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा कण चालतो, बर्फाचा तुकडा तर उत्तमच. असा एखादा तुकडा या टेकीला आलेल्या पाण्यातून फिरू लागला, की भेटेल तो थेंब त्याला चिकटतो. खालून चढणारा गरम वारा त्याला पडू देत नाही. तुकडा वर जातो, फुगतो, आणखी फुगतो आणि वाऱ्याला पेलेनासा झाला की खाली येतो. तीच गार.

झाडांच्या पानांवर राहणारे काही जिवाणू असतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं. पाण्याचे रेणू त्याच्यावर अगदी बर्फात बसतात तसे रांगेनं बसतात, त्यामुळे उणे दोन-तीन अंशांतच पाण्याचा बर्फ होतो. शास्त्रज्ञांना हे जिवाणू आधी पिकांचे शत्रू म्हणून ठाऊक होते. ते प्रथिन जिवाणूंवाचून, पिंपांनी बनवता येऊ लागलं, तेव्हा कुणीतरी ते ढगात सोडून पाहिलं. वेळेवर सोडलं तर सगळे थेंब एकदम गोठतात, पाण्याची वाटणी अब्जावधी कणांत होते आणि मोठं व्हायला पुरेल एवढं पाणी कुणाच्याच वाट्याला येत नाही. खाली येईपर्यंत त्यांचा पाऊस झालेला असतो. दलात याला 'विरवणं' म्हणत.

उशीर झाला आणि गारा आधीच धरल्या असल्या, तर विरवता येत नाही. मग दुसरा उपाय उरतो. चढत्या वाऱ्याच्या मुळाशी प्रथिनाचा मोठा हप्ता सोडायचा. तिथले थेंब एकाएकी गोठून, एकमेकांना चिकटून जड होतात, वारा त्या ओझ्यानं बसतो आणि त्यानं उचलून धरलेल्या गारा तिथल्या तिथं कोसळतात. हे 'पाडणं'. यात गारा टळत नाहीत. त्या कुठं पडाव्यात, एवढं ठरवता येतं.

आणि ठरवता येतं म्हटल्यावर कुणीतरी ठरवणं भाग होतं. त्यातून पाडपट्टे निघाले. वस्ती विरळ, बागा कमी आणि वादळांच्या वाटेवर, अशा जमिनीच्या सात पट्ट्या नकाशावर आखल्या गेल्या. पट्ट्यातल्या प्रत्येक गावात सिमेंटचा निवारा बांधला. दलाची माणसं पायी फिरली, घरन्घर, झोपडीन्झोपडी नोंदली. पाडायच्या आधी भोंगा वाजायचा, सगळे निवाऱ्यात जायचे, दारावरचं यंत्र माणसं मोजायचं आणि मगच पाडलं जायचं. बागांचं गाव वाचे, शहर वाचे. पट्ट्यात जे मोडे त्याची भरपाई मिळे.

बेलदरी चौथ्या पट्ट्यात आली, तेव्हा ग्रामसभेत समजावून सांगायला दलानं शलाकालाच पाठवलं होतं. ती गावची पोरगी होती, तिचं ऐकतील, असा हिशेब होता. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, हात वर केला आणि त्यांच्यामागून बाकीच्यांनी. तिच्या मोठ्या भावानं, दिगंबरनं, केला नाही. त्यानं त्याच वर्षी नाल्यापलीकडच्या तुकड्यात संत्री लावली होती.

दुसऱ्या पाडात त्या झाडांची साल निघाली. भरपाई आली. दिगंबरनं तिच्याशी बोलणं सोडलं. गेल्या पौषात बाबाराव झोपेतच गेले, तेव्हा शलाका सकाळी आली आणि सगळं उरकल्यावर त्याच दिवशी परत गेली. तिला रडू आलं नाही. पुढं कधीतरी येईल, असं तिला वाटलं. ती कामावर जात होती, वेळेवर झोपत होती, जेवण गोड लागत नव्हतं पण जात होतं. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणायची, आणि ते खोटंही वाटत नव्हतं.

डोंगराच्या वळणावर ढग पूर्ण दिसला. बूड काळंनिळं, वर पांढरी शेंडी आणि मध्ये एक हिरवट झाक. नईमनं काच वर केली.

"हिरवा दिसतोय, मॅडम."

"हो."

विरवायची वेळ निघून गेली होती. डोंगरापलीकडं त्यांना रस्ता नव्हता आणि घारी तिथवर पोचल्या नसत्या. रडारवर ढगाच्या पोटात लाल ठिपका धरला होता. तिनं गारांचा आकार काढला. लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या.

अमरावतीच्या केंद्रातून मोघे सरांचा आवाज आला. ते या भागाचे प्रमुख होते.

"शलाका, बघितलंस?"

"बघितलं सर. पाडावाच लागेल."

"राजुरी घाटात आज लग्नाची मोठी तिथी आहे. चार-पाच मांडव आहेत, सगळे उघड्यावर. चौथा पट्टा घे. भोंगा देतोय."

"हो सर."

मग मोघ्यांच्या लक्षात आलं. "तुझं गाव आहे ना ते? दुसरी गाडी मोर्शीकडे अडकली आहे, नाहीतर..."

"काही हरकत नाही सर."

खरोखरच तिला काही हरकत वाटली नाही. तिनं दोन घारी बाहेर काढल्या, टाक्या भरल्या, पंखे तपासले. लांबून भोंगा ऐकू येऊ लागला. गाडी त्यांनी पट्ट्याच्या कडेला, टेकाडावरच्या मोकळ्या जागी उभी केली. खाली बेलदरीची कौलं दिसत होती, देवळाचा कळस दिसत होता. वारा पडला होता. घारी चढत चढत ढगाच्या बुडात शिरल्या.

पडद्यावर बेलदरीतली माणसं, त्यांच्याजवळच्या फोनमुळे, निळ्या ठिपक्यांनी दिसत. ठिपके निवाऱ्याकडं सरकत होते. एक ट्रॅक्टर नाल्यापलीकडून आला, त्यात दाटीनं ठिपके होते, ते दारातून आत गेले. यंत्रानं मोजणी दाखवली. एक माणूस कमी होतं. ही मोजणी गाडीतच दिसे, केंद्रात नाही.

तो ठिपका नाल्यापलीकडं होता आणि गावाच्या दिशेनं हळूहळू येत होता. शलाकानं त्याच्यावर बोट ठेवलं. दिगंबर बाबाराव खेरडे.

"पाडायला सहा मिनिटं," केंद्रातून आवाज आला. "त्यानंतर ढग पट्ट्याच्या पुढे जाईल."

दलाच्या माणसानं पट्ट्यातल्या कुणालाही स्वतःचा फोन लावायचा नाही, असा नियम होता. शलाकानं फोन लावला.

"हॅलो, दादा."

पलीकडं धापा होत्या. "कोण?"

"शलाका."

"बोल."

"कुठं आहेस तू?"

"दिसून राहिलं नं तुले."

"मागं कसा राहिलास?"

"हरभऱ्याच्या सोंगणीच्या बाया होत्या. तुही वहिनी होती. ट्रॉली भरली. मी म्हटलं, जा तुमी, मी येतो पायी." तो थांबला, पुन्हा चालू लागला. "भोंग्यानंतर टाइम असते नं बराच."

"ढग जोरात येतोय. किती वेळ लागेल?"

"नाल्यातून आलो तं दहा मिंट."

"सहाच आहेत."

थोडा वेळ नुसते पाय वाजत राहिले.

"मंग सहा," दिगंबर म्हणाला. "ठेव आता. पळू दे."

तिनं फोन ठेवला. नईम तिच्याकडं पाहत होता. तिनं पडद्यावर नकाशा पुढं सरकवला. पट्ट्याची हद्द संपत होती तिथून राजुरी घाटच्या पहिल्या घरांपर्यंत पडीक रान होतं. तिथं एकही निळा ठिपका नव्हता. ढगाचा वेग तिनं मनातल्या मनात भागला. चार मिनिटं थांबलं तर गारा या रानात पडणार होत्या. गावाला लागणार नव्हत्या. जेमतेम.

"चार मिनिटं थांबू," ती म्हणाली.

"मॅडम, ती जागा पट्ट्याच्या बाहेर आहे."

"रिकामी आहे."

"पडद्यावर रिकामी आहे," नईम म्हणाला. "तिथं कोणी पायी फिरलं नाही कधी."

तो म्हणत होता ते तिला माहीत होतं. पट्ट्यांचा नियम नेमका त्याचसाठी होता. ठिपका नाल्यात उतरला. नाल्याच्या वळणात तो थोडा वेळ दिसेनासा झाला आणि पुन्हा उगवला.

"शलाका, पाड," मोघे सर म्हणाले.

"थांबा सर."

"काय झालं?"

"थांबा थोडं."

"घारीला काही झालं का? शलाका? वेळ जातोय."

ठिपका नाल्यातून वर आला. टेकाडावर पहिले जाड थेंब पडले, टपावर टपटप वाजले. मोघे दोनदा बोलले, मग त्यांचा आवाज चढला. शलाका पडद्याकडं पाहत होती. तिचा हात कळेवर होता. दिगंबर देवळामागच्या गल्लीत आला, निवाऱ्याच्या दारापाशी आला, आत गेला. यंत्रावरची मोजणी पुरी झाली.

तिनं कळ दाबली.

घारींनी टाक्या मोकळ्या केल्या. थोड्या वेळानं रडारवरचा चढता वारा बसला आणि लाल ठिपका पसरट होत खाली आला. पडीक रानावर ढगापासून जमिनीपर्यंत एक पांढरा पडदा उभा राहिला. एवढ्या लांबून त्याचा आवाज आगगाडी पुलावरून जावी तसा येत होता. मग तोही थांबला.

"पडल्या," मोघे म्हणाले. त्यांनी श्वास सोडला. "पट्ट्याच्या पुढे पडल्या, पण रिकाम्यात पडल्या. गावात नुसत्या सरी आहेत. काय झालं होतं तुला?"

"मोजणीला जाते सर," शलाका म्हणाली. "मग बोलते."

पाड झाला की गारा वितळायच्या आत जागेवर जाऊन त्या मोजायच्या, कापून थर पाहायचे, हा कामाचाच भाग होता. गाडी बैलगाडीच्या वाटेनं रानात उतरली. थोड्या अंतरावर जमीन पांढरी झाली. चाकाखाली कडकड वाजू लागलं. गारांवरून गुडघाभर उंचीचं धुकं उठत होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिथं हिवाळ्यासारखा गारठा होता. पळसाची फुलं बर्फात पडली होती. पुढं काळ्या मातीत गाडीची मागची चाकं रुतली. नईमनं दोनदा जोर लावला, मग इंजिन बंद केलं.

तेव्हा मेंढरू ओरडल्याचा आवाज आला.

ते दोघं उतरून चालत गेले. बांधाच्या आडोशाला मेंढपाळांचा तळ होता. मेंढरं कोंडायचं वाघरीचं जाळं आडवं झालं होतं. मेंढरं जागोजाग पडली होती, काही एकमेकांवर. काही उभी होती आणि एकाच जागी थरथरत होती. एक ताडपत्री फाटून बाभळीला लटकली होती. तिच्याखाली एक बाई बसली होती. तिच्या कपाळावरून रक्त ओघळून वाळलं होतं. तिच्यासमोर एक माणूस पालथा पडला होता आणि त्याच्या छातीखालून दोन कोकरांची डोकी बाहेर आलेली होती. कोकरं जिवंत होती.

नईमनं वाकून त्या माणसाच्या मानेला हात लावला. मग त्यानं शलाकाकडं पाहून नकारार्थी मान हलवली.

शलाकानं रुग्णवाहिकेला फोन केला. मुख्य रस्त्यावर झाडं पडली होती, तास-दीड तास लागेल म्हणाले. तिनं बाईच्या कपाळाची जखम पाहिली. गाडीतून पेटी आणून पट्टी बांधली. बाईनं बांधू दिली.

"नाव काय तुमचं?"

"तुळसा."

"आणि यांचं?"

"भिवाजी."

"तुमच्याकडे फोन नव्हता का?"

"हाये. डबड्यात हाये. चार्ज कुठं करा रानात." तुळसा मेंढरांकडं पाहत बोलत होती. "भोंगा आला होता ऐकू. हे म्हणे, भिऊ नको, भोंगा बेलदरीचा हाये. पट्ट्याच्या भाहेर गार पडत नाही. म्हणूनच तं आमी इथं बसतो दरसाल."

शलाका उठली. तिनं दिगंबरला फोन लावला.

"दादा, ट्रॅक्टर घेऊन गायरानाच्या बांधापाशी ये. आमची गाडी रुतली आहे. एक जण गेलाय आणि एक बाई जखमी आहे."

"कोण गेलं?"

"मेंढपाळ आहे."

"येतो," दिगंबर म्हणाला.

ट्रॅक्टर यायच्या आधी मोघ्यांचा फोन आला. त्यांना रुग्णवाहिकेवाल्यांकडून कळलं होतं. ते हळू आवाजात बोलत होते.

"हे बघ, मी आकडे काढलेत. ढगानं पट्ट्यावर वेग घेतला होता. वाऱ्यानं पाड पुढे सरकला, असं दिसतं. तसं याआधीही झालंय. तुझ्यावर काही येणार नाही."

"वारा नव्हता सर. मी थांबले."

"का?"

"माझा भाऊ नाल्यात होता."

"हे फोनवर नको बोलूस."

"बोलून झालं सर. अहवालातही हेच लिहीन."

"शलाका, तू थांबली नसतीस तर तो गेला असता कदाचित. आणि न पाडताही ढग आपोआप बसला असता कदाचित. जे झालंच नाही, ते आपण मोजू शकत नाही."

"झालं ते मोजलंय सर," ती म्हणाली. "एक माणूस आहे. मेंढरं अजून मोजली नाहीत."

फोन ठेवल्यावर ती वाट पाहत उभी राहिली. आता काहीतरी होईल, असं तिला वाटत होतं. छातीत, घशात, कुठंतरी. गारा वितळून तिच्या बुटांत पाणी शिरलं होतं, एवढंच तिला जाणवलं.

दिगंबर ट्रॅक्टर घेऊन आला. पँट मांडीपर्यंत चिखलानं माखलेली, एका पायात चप्पल नव्हती. तो उतरला, मेंढरांमधून वाट काढत आला आणि भिवाजीपाशी थांबला. त्यानं खाली पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं, मग गावाच्या दिशेला. हद्दीचा पांढरा दगड तिथून दिसत होता.

"हे तं पट्ट्याच्या भाहेर हाये," तो म्हणाला.

"हो."

"मंग इथं कशा पडल्या?"

"तू निवाऱ्यात पोचेपर्यंत मी पाडल्या नाहीत."

दिगंबरला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो आपल्या अनवाणी पायाकडं पाहू लागला.

"म्या म्हटलं होतं, सहा तं सहा."

"हो. म्हटलं होतंस."

"मले कायले सांगतं मंग हे?" त्याचा आवाज फुटला. "नसतं सांगितलं तं चाललं नसतं? आता म्या काय करू सांग याचं?"

"माहीत नाही, दादा."

तो मटकन बांधावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. बाबाराव गेले त्या दिवशीही तो असाच रडला होता, माणसांसमोर, मोठ्यानं. शलाका त्याच्या बाजूला उभी राहिली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यानं झटकला नाही.

तुळसा ताडपत्रीखालून पाहत होती. तिनं शलाकाला बोटानं जवळ बोलावलं.

"तू गारावाली बाई हाये नं? गाडीवाली?"

"हो."

"गार कुठं पाडाची, ते तुमी ठरवता म्हणतात."

"हो. आज मी ठरवलं."

"मंग आमच्यावर काऊन?"

शलाका तिच्यासमोर खाली बसली. ओलं तिच्या कपड्यांतून आत शिरलं.

"तिथं पट्ट्यात माझा भाऊ होता. तो पळत होता. मी त्याच्यासाठी थांबले. इथं कुणी नाही, असं मला दिसलं होतं."

तुळसानं हे ऐकून घेतलं. तिच्या मांडीवर आता एक कोकरू होतं, त्याचे कान ती पदरानं पुसत होती.

"वाचला तो?"

"वाचला."

"तो बसला तोच का?"

"तोच."

"बलाव त्याले."

दिगंबर आला. त्याला कुठं उभं राहावं कळेना. तुळसानं त्याच्याकडं पाहिलं, चिखलाच्या पँटकडं, पायाकडं. बराच वेळ पाहिलं.

"पळाला तू?"

"हो माय."

"लय पळाला असशीन."

त्यानं चिखलाचा पाय मागं घेतला.

"हे बी पळले असते," तुळसा म्हणाली. "यायचे पाय तुह्याहून चांगले होते. रोज दहा कोस चालत. यायले कोणी सांगितलं नाही." तिनं कोकरू खाली ठेवलं. "उचल आता. त्या बाजूनं तू धर. तूच धर."

दिगंबरनं डोक्याकडून धरलं, नईमनं पायांकडून. भिवाजीला ट्रॉलीत ठेवलं आणि वर घोंगडं टाकलं. तुळसा चढली. मग तिनं मागं पाहिलं. जगलेली मेंढरं एकत्र येऊ लागली होती आणि दिवस कलला होता.

"मेंढरं," ती म्हणाली.

"म्या राहतो," दिगंबर म्हणाला. "मेंढरं म्या पाहतो. तू ये परत, तवापर्यंत म्या इथंच हाये."

तुळसानं जवळची काठी त्याच्या हातात दिली आणि कोणती मेंढी कोकरांना पिऊ देते, ते बोटानं दाखवलं.

नईमनं ट्रॅक्टर राजुरी घाटच्या दवाखान्याकडं काढला. शलाका ट्रॉलीत भिवाजीच्या पायांशी बसली. वाट खाचखळग्यांची होती, घोंगडं सरकत होतं, म्हणून तिनं त्याचा घोटा हातानं धरून ठेवला. तो गारेसारखा थंड होता. समोर तुळसा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

राजुरी घाटच्या वेशीशी रस्ता नुसता ओला होता. मांडवाचे दिवे लागले होते, जेवणाच्या पंगती उठत होत्या, पाहुणे रस्त्याच्या कडेला हात धुत होते. वरात निघायची होती, म्हणून एका माणसानं हात करून ट्रॅक्टर थांबवला. दलाच्या निळ्या कोटावरून त्यानं शलाकाला ओळखलं असावं. तो हसला, ट्रॉलीजवळ आला.

"आज वाचवलं बुवा तुमी, ताई. एक गार नाही पडली गावात. जेवूनच जा."

मग त्याला घोंगडं दिसलं. तो मागं सरला आणि वाट मोकळी करा म्हणून बँडवाल्यांना ओरडला. बँड थांबला. माणसं बाजूला झाली. नईम त्यांच्यामधून हळूहळू ट्रॅक्टर काढू लागला.

"हात काढ आता," तुळसा शलाकाला म्हणाली. "सपाट रस्ता हाये. नाही हालत."

शलाकानं हात काढायचा प्रयत्न केला. बोटं बधिर झाली होती, उघडत नव्हती. तुळसानं पुढं वाकून ती एक एक करून सोडवली.